सदरचं दगडी चर्च आणि न्यू जर्सीचं एपिस्कोपल

प्रश्न : माझा भाचा न्यू जर्सीला असतो. त्याच्या घराजवळ एक ‘एपिस्कोपल पॅरिश’ आहे. त्यांचं पत्रक अधूनमधून दारात येऊन पडतं. या शनिवारी सगळ्यांचं एकत्र जेवण, बुधवारी बायबलचा वर्ग, अमुक तारखेला जुन्या वस्तूंची विक्री, कुणीही यावं. तो एकदा जाऊन जेवूनही आला. आता फोनवर मलाच विचारतो, ‘मावशी, नागपुरात असं काही आहे का गं?’ मी महालात वाढले. पोळ्याच्या पाडव्याला दारावरून मारबत जाते, कोणत्या वाड्यात कोणता गणपती बसतो ते मला पाठ आहे. पण सदरला जाताना जे दगडी चर्च दिसतं, त्याच्या आत काय चालतं ते कधी कळलं नाही. ते एपिस्कोपलच का? तिथेही असे मेळावे होतात का? आणि आमच्यासारख्यांनी गेलं तर चालतं का?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे त्याच्या आडून आलेत असं वाटतं. चालतं. उपासनेला कुणीही जाऊन बसू शकतं. एक गोष्ट मात्र पाळायची असते, ती पुढे सांगतो.

एपिस्कोपल म्हणजे जिथे बिशपची व्यवस्था मानतात असं चर्च. अमेरिकेत हे नाव अँग्लिकन परंपरेच्या चर्चनं घेतलं आणि त्यामागे राजकारण होतं. १७७६ नंतर अमेरिका इंग्लंडपासून तुटली, पण तिथल्या अँग्लिकन लोकांकडे स्वतःचा बिशप नव्हता. इंग्लंडमध्ये बिशप व्हायचं तर राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि राजाविरुद्ध नुकतंच युद्ध झालेलं. शेवटी सॅम्युअल सीबरी १७८४ मध्ये स्कॉटलंडला अ‍ॅबरडीनला गेले आणि तिथल्या एपिस्कोपल बिशपांकडून दीक्षा घेऊन परतले. भाच्याच्या शेजारचं चर्च या घराण्यातलं. आपल्याकडे त्याच घराण्याला पूर्वी चर्च ऑफ इंग्लंड म्हणत, लोक सरळ ‘इंग्रजांचं चर्च’ म्हणत.

सदरचं ऑल सेंट्स त्यातलंच. मूळ चर्च १८५१ मधलं. तुम्ही महालातल्या, म्हणून हे मुद्दाम सांगतो : ते बांधलं गेलं तेव्हा महालात भोसल्यांचं राज्य अजून होतं. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्या वर्षी डलहौसीनं नागपूर खालसा केलं. त्याआधी इंग्रज इथे रेसिडेंट आणि फौज म्हणून होते, आणि चर्च होतं ते त्यांच्यासाठी. महालातल्या माणसाला तिकडे जायचं कारणच नव्हतं. तुमच्या घरात त्या इमारतीविषयी जे अंतर राहिलं, त्याचं मूळ इतकं जुनं आहे. १९०३ मध्ये आयर चॅटर्टन नागपूरचे पहिले बिशप झाले. बिशपचं आसन ज्या चर्चमध्ये असतं ते कॅथेड्रल, म्हणून ऑल सेंट्स तेव्हापासून कॅथेड्रल. हे चॅटर्टन १९२६ पर्यंत इथे होते आणि त्यांनी गोंडवनाचा इतिहासही लिहिला.

पण नागपुरात ख्रिस्ती मिशनचं नाव काढलं की लोकांना आठवतात ते हिस्लॉप, आणि ते या घराण्यातले नव्हते. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. प्रेसबिटेरियन. त्यांच्याकडे बिशप नसतो. वडीलमंडळी, म्हणजे ‘एल्डर’, आणि पाळक मिळून कारभार बघतात. बिशपशाही नको म्हणून त्यांच्या पूर्वजांनी स्कॉटलंडात लढाया केल्या होत्या. म्हणजे गंमत बघा, अमेरिकेच्या पहिल्या बिशपला दीक्षा देणारे स्कॉटिश, आणि आपल्याकडे आलेले बिशप न मानणारेही स्कॉटिश. हिस्लॉप शाळा काढत, दगड गोळा करत, गोंडांच्या भाषा टिपून ठेवत. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ चं, तेही स्कॉटिश मंडळींनी काढलेलं.

तर ही दोन वेगळी घरं. एकाच शहरात, एकाच बायबलवर, आणि एकमेकांच्या दीक्षेबद्दल साशंक. तुम्ही रस्त्यावरून पाहता ती इमारत इंग्रजांची उरलेली खूण असती, तर उत्तर इथेच संपलं असतं. २९ नोव्हेंबर १९७० ला मात्र ऑल सेंट्सच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सहा चर्च एकत्र आली : अँग्लिकन चर्च, प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल लोकांचं आधीच जुळलेलं युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अमेरिकन परंपरेच्या मेथडिस्टांनी अगदी शेवटच्या क्षणी अंग काढून घेतलं, ते आजही वेगळे आहेत. बोलणी १९२९ पासून चालू होती. चाळीस वर्षं! आपल्याकडे भावकीची वाटणी इतकी लांबते. इथे जोडणी लांबली.

सर्वांत अवघड प्रश्न पाळकांचा होता. बिशपच्या हातून दीक्षा न झालेल्या पाळकाला अँग्लिकन पाळक मानणार का? आणि नव्यानं हात ठेवले, तर त्याची आधीची सेवा खोटी ठरली असं होणार का? तोडगा असा निघाला की सगळ्याच परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांवर हात ठेवायचे आणि प्रार्थना अशा शब्दांत करायची, की कुणाची दीक्षा अपुरी होती असा अर्थ कुणालाच काढावा लागू नये. काहींना ही पळवाट वाटली. मला तो शहाणपणा वाटतो. काही शंका मोकळ्या ठेवल्यामुळेच माणसं एकत्र बसू शकली.

बाप्तिस्म्याचंही तसंच. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, पुढे मूल मोठं झालं की बिशपच्या हातून त्याचं दृढीकरण होतं. बाप्टिस्टांच्या मते, कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा नाही. नव्या चर्चनं दोन्ही रीती मान्य ठेवल्या. त्यामुळे एकाच मंडळीत एका घरात बाळाचा बाप्तिस्मा होतो, दुसऱ्या घरी बाळाला देवापुढे आणून नुसती अर्पणाची प्रार्थना होते, आणि नंतर चहाला दोन्ही आज्या शेजारी बसतात. बिशपही राहिले, पण एकट्याच्या मर्जीनं कारभार नाही. डायोसीजची कौन्सिल असते, वर सिनॉड असतो, आणि प्रत्येक मंडळीची निवडून आलेली पास्टोरेट कमिटी. निवडणुकीत चुरसही असते, भांडणंही होतात. गणेश मंडळाची वर्षाची सभा तुम्ही पाहिली असेल, तर वेगळं वर्णन करायला नको.

आता मेळाव्यांकडे. पॅरिशला इथले लोक ‘मंडळी’ म्हणतात आणि पाद्र्याला ‘पाळक साहेब’. रविवारची उपासना हा कणा. त्याभोवती मुलांचं संडे स्कूल, तरुण संघ, बायकांची फेलोशिप, आठवड्यातून एखाद्या घरी प्रार्थनासभा. आजारी माणसाकडे जाणं, लग्नाला हात लावणं, मयताला खांदा देणं हे पत्रकात येत नाही, पण मंडळीचं निम्मं काम तेच. कापणीचा सण बघण्यासारखा. प्रत्येक घर आपापलं काही आणतं : धान्य, भाजी, कोंबडी, घरची लोणची, आपल्याकडे संत्री तर असणारच. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एखादा साधा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, कारण बोली लावणाऱ्याला भोपळा नको असतो, मंडळीला पैसे द्यायचे असतात, आणि जमल्यास शेजारच्या काकांना बोलीत हरवायचं असतं. भाच्याकडच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीपेक्षा हे मला जास्त रंगतदार वाटतं. त्यांच्या एकत्र जेवणाला आपल्याकडे ‘प्रीतिभोजन’ म्हणतात.

मराठी उपासनेत गेलात तर कानाला अनोळखी वाटणार नाही. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आहेत, चाली आपल्याच वळणाच्या. टिळकांचा धागा नागपूरशीही आहे. ते इथे अप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांच्या कामाला होते, आणि इथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका मिशनऱ्यानं त्यांना बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त ते सगळं आलंय, तुमच्या कपाटात असेलच. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे काँग्रिगेशनल, बिशप नसलेल्या बाजूचे. आज त्यांची पदं बिशपच्या कॅथेड्रलच्या परंपरेतही म्हटली जातात.

यंदाचे दिवस सांगतो. १ नोव्हेंबर २०२६ हा सर्व संतांचा दिवस, म्हणजे ऑल सेंट्स ज्या नावानं उभं आहे तो दिवस, आणि तो रविवारीच येतो. दुसऱ्या दिवशी मृतांची आठवण. कबरी धुऊन-पुसून लोक त्यांवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. पुढच्या रविवारी आपलं लक्ष्मीपूजन. मग २९ नोव्हेंबर. या दिवशी दोन गोष्टी एकत्र येतात. नाताळच्या आधीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात, त्यातला पहिला रविवार हा, आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा स्थापनादिनही हाच. १९७० मध्येही असंच होतं, कारण त्या वर्षाचं आणि यंदाचं कॅलेंडर वारांसकट एक आहे. तुम्हाला एकच रविवार निवडायचा असेल तर मी हा सुचवेन. चार मेणबत्त्यांपैकी पहिली त्या दिवशी लागते, आणि भाषणात १९७० चा उल्लेख आला तर तो कशाचा हे तुम्हाला आता माहीत आहे.

डिसेंबरात तरुणांची टोळी रात्री घरोघर कॅरोल म्हणत फिरते. गिटार, ढोलक, एक सांता, झोपमोड झालेली कुत्री. ज्या घरी जातील तिथे खायला मिळतं, आणि मराठी ख्रिस्ती घरातला नाताळचा फराळ म्हणजे केकच्या शेजारी करंज्या, चकल्या आणि शेव. २४ ला रात्री उशिरा उपासना, ३१ ला वर्षाला निरोप देणारी. त्यानंतर १० फेब्रुवारी २०२७ ला राखेचा बुधवार, तिथून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. २६ मार्चला गुड फ्रायडे, त्या दिवशी दुपारी बारा ते तीन लांबलचक उपासना असते, क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं. नागपूरच्या मार्चमध्ये हे बसून ऐकणं सोपं नाही, पंख्याखालची जागा धरायला लोक लवकर येतात. २८ ला ईस्टर.

आता पाळायची ती एक गोष्ट. प्रभुभोजनाच्या वेळी लोक पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षारस घेतात. ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. तुम्ही जागेवर बसून राहा, कुणाला वावगं वाटत नाही. बाकी लोक उभे राहिले की उभं राहावं, बसले की बसावं. दानाची थैली पुढे सरकवली तरी चालते, त्यात काही टाकलंच पाहिजे असं नाही. मोबाइलवर फोटो काढू नका. भाच्याला हेही सांगा, की चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जागतिक अँग्लिकन परिवारात आहे. नागपूरच्या मंडळीतलं कुणी न्यू जर्सीला गेलं, तर त्याला तिथल्या एपिस्कोपल चर्चमध्ये प्रभुभोजन मिळतं.

उपासनेनंतर चहाला थांबवलं तर थांबा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत हे इतकं सोपं नव्हतं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे अँग्लिकनांकडेच, चहा-बिस्किटं पुढे आली आणि रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह बऱ्याच जणांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, बसलं. पुढे शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. बोलावणाऱ्या गोपाळराव जोशांनी ती नावं छापवली होती, त्यामुळे चहापेक्षा छापील यादीच जास्त महागात पडली. तुमचं नाव छापायचं आम्ही मुद्दाम टाळलं आहे.

जाण्याआधी एवढं करा. कॅथेड्रल हाऊस सदरला इंडियन कॉफी हाऊससमोर आहे. तिथे कोणत्या भाषेची उपासना किती वाजता ते विचारून घ्या, आणि नाताळच्या आठवड्यात जाणार असाल तर पुन्हा एकदा विचारा. त्या दिवसांत नेहमीच्या वेळा बदलतात.