मांस, घेवडा आणि मिरची : एका परदेशी कालवणाचा पोषणविचार

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ‘चिली कॉन कार्ने’ नावाचे कालवण फार आवडीने खातात. नाव स्पॅनिश आहे आणि त्याचा सरळ अर्थ ‘मांस घातलेली मिरची’ असा होतो. बारीक केलेले गोमांस, सुक्या मिरचीची पूड, जिरे, लसूण, कांदा हे त्याचे मुख्य जिन्नस. पुष्कळ ठिकाणी त्यात टोमॅटो आणि शिजवलेला राजमाही पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सान अँटोनिओ शहराच्या चौकांत मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी हे कालवण विकीत असत. पुढे 1930 ते 1940 च्या सुमारास आरोग्याच्या नियमांवर बोट ठेवून त्यांना तेथून उठवण्यात आले. 1977 साली याच कालवणाला टेक्सासचे अधिकृत राज्यखाद्य म्हणून मान मिळाला. मान कालवणाला मिळाला, चौक मात्र त्या बायकांचा राहिला नाही, हे जाता जाता नोंदवते.

या कालवणाबद्दल तिकडे एक जुना वाद आहे. अस्सल टेक्सासवासी म्हणतात की, चिलीत घेवडा घालूच नये. टर्लिंग्वा या गावी 1967 पासून चिली रांधण्याच्या स्पर्धा होतात व तेथील स्पर्धेच्या भांड्यात घेवडा चालत नाही. घेवडा म्हणजे नुसती भर, मांस परवडत नाही म्हणून घातलेली, असा या मंडळींचा भाव दिसतो. ही भावना आपल्याला अनोळखी नाही. पाव किलो मटणात बटाटे टाकून आठ माणसांचे कालवण करणारी आई पाहुण्यांसमोर संकोचतेच. म्हणून गृहअर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी परदेशी पदार्थ निवडायचा होता तेव्हा मी हा निवडला. भर ही खरोखरच नुसती भर असते काय, हे मला आकड्यांनी पाहायचे होते.

अमेरिकन शेती खात्याची अन्नघटकांची कोष्टके सर्वांना खुली आहेत. त्यांनुसार शिजवलेल्या, मध्यम चरबीच्या 100 ग्रॅम बारीक गोमांसात सुमारे 250 उष्मांक, 26 ग्रॅम प्रथिने व 15 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. चोथा मुळीच नाही. तेवढ्याच वजनाच्या शिजवलेल्या राजम्यात सुमारे 127 उष्मांक व पावणेनऊ ग्रॅम प्रथिने असतात, स्निग्ध पदार्थ नावापुरते, आणि चोथा 6 ग्रॅमच्या वर. रक्त तयार होण्यास लागणारे फोलेट राजम्यात भरपूर आहे, मांसात अगदी थोडे. याउलट बी-12 हे जीवनसत्त्व मांसात आहे, पण राजम्यात, किंबहुना कोणत्याही कडधान्यात, ते नाही. दोघांच्या उणिवा एकमेकांना छेद देतात, हे येथेच लक्षात येते.

खरी गंमत लोहाची आहे. शंभर ग्रॅम शिजवलेल्या मांसात आणि शंभर ग्रॅम शिजवलेल्या राजम्यात लोह जवळजवळ सारखेच, अडीच ते तीन मिलिग्रॅम असते. मग राजमा खाणाऱ्याला मांस खाणाऱ्याइतकेच लोह मिळावे. तसे होत नाही. मांसातील लोहाचा मोठा भाग ‘हीम’ स्वरूपाचा असतो आणि शरीर त्यातील 15 ते 35 टक्के शोषून घेते. कडधान्यातील लोह दुसऱ्या जातीचे. फायटेट नावाचे द्रव्य त्याला धरून ठेवते, त्यामुळे त्यातील फारच थोडे रक्तापर्यंत पोचते. परंतु त्याच जेवणात थोडेसे मांस असेल तर कडधान्यातील लोहही अधिक शोषले जाते. टोमॅटो किंवा लिंबातील क जीवनसत्त्वही हेच काम करते. म्हणजे चिलीच्या भांड्यातील मांस स्वतःचे लोह तर देतेच, शिवाय घेवड्याचे लोहही सोडवून घेते. मांस थोडे आणि घेवडा पुष्कळ, हे गरिबाचे प्रमाण पोषणाच्या दृष्टीने मुळीच खुळे नाही.

घेवडा घातलेली डब्यातील तयार चिली घेतली, तर तिच्या एका कपात, म्हणजे सुमारे 256 ग्रॅममध्ये, 287 च्या आसपास उष्मांक, साडेचौदा ग्रॅम प्रथिने, 14 ग्रॅम स्निग्ध पदार्थ, 30 ग्रॅम पिष्टमय पदार्थ व 11 ग्रॅम चोथा मिळतो. लोह पावणेनऊ मिलिग्रॅमच्या घरात जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली प्रौढ स्त्रीसाठी रोज 29 मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे, त्याचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. दोष एकच, पण मोठा. त्या कपात सोडियम 1,300 मिलिग्रॅमच्या वर असते, म्हणजे सव्वातीन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. घरी रांधलेल्या चिलीत मीठ आपल्या हाती असते.

घरी रांधताना एक पथ्य मात्र पाळावेच लागते. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. त्याने उलट्या व जुलाब होतात. मंद आचेवर नुसता कोमट होत राहिलेला राजमा अधिक घातक. किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळला की भीती राहत नाही. आपल्या बायका रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी ओततात, त्यात हे शास्त्र आहे.

आमच्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा हा राजम्याच्याच कुळातला. या वनस्पतीचे मूळ आणि मिरचीचेही मूळ अमेरिका खंडातच. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्याकडे आली. तेव्हा हे कालवण आपल्याला वाटते तितके परके नाही. म्हणून मी घरच्या भांड्याचा हिशेब केला. पाव किलो मटण, हाडे वजा जाता 200 ग्रॅम धरले, तर सुमारे 40 ग्रॅम प्रथिने. पाव किलो सुका घेवडा, सुमारे 57 ग्रॅम प्रथिने. सहा माणसांत प्रत्येकी 16 ग्रॅम. अमेरिकन कपापेक्षा थोडे जास्तच!

पण हा भागाकार कागदावरचा आहे. आमच्याकडे पुरुषांच्या पंगतीला फोडी जातात आणि मागून बसणाऱ्या बायकांच्या ताटात रस्सा व तळाचे दाणे येतात. रश्शात मांसाचे काही उतरते, नाही असे नाही. तरी हिशेब केला तर आईच्या ताटातली प्रथिने साडेनऊ ग्रॅमच्या आसपास येतात, बी-12 फार थोडे उरते, आणि घेवड्याच्या लोहाला सोडवणारी फोड तर ताटात नसतेच. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. माझ्या आईचे रक्त गेल्या वर्षी तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 8 निघाले. तिला गोळ्या मिळाल्या. मळमळते म्हणून तिने त्या अर्ध्यावर सोडल्या. गोळ्यांचे काम कालवण करणार नाही हे मला समजते, आणि त्या पुन्हा सुरू करण्यासाठी मी तिच्या मागे लागले आहे. परंतु एकाच भांड्यातून निघालेले दोन ताट सारखे नसतात, ही गोष्ट कोणत्याही कोष्टकात सापडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी मटण झाले तेव्हा मी बारीक खिमा करून आणायला सांगितला आणि तो घेवड्यात शिजवला. खिम्यात फोड नाही, त्यामुळे वाढणाऱ्याला निवड करता येत नाही; जी पळी वडिलांच्या ताटात पडते तीच आईच्याही. वडील म्हणाले, “ह्यात मटण कुठं हाय?” धाकट्या भावाने दोनदा मागून घेतले. मी प्रत्येकाच्या ताटाला लिंबाची फोड ठेवली होती. आईने लिंबू पिळून खाल्ले, पण जेवल्याबरोबर चहा ठेवला. चहामुळे लोह शोषले जात नाही, तासभर थांब, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “तासाभरानं म्हशीची धार काढायची असती, चहा कवा पिऊ?” त्यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही.