वायफाय जोडलेले असता वेबपान न उघडणे : कारणे व उपाय

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास एक गोष्ट निराळी सांगावयास नको. विहिरीत पाणी दिसते म्हणून ते पिकास अथवा पिण्यास उपयोगी पडेलच असे नाही. नवा संगणक विकत घेऊन तो घरच्या वायफायला जोडणाऱ्या गृहस्थासही कित्येकदा असाच अनुभव येतो. पडद्याच्या कोपऱ्यात जोडणी झाल्याची खूण स्वच्छ दिसत असते. परंतु ब्राउझर उघडून पाहावे तो एकही पान समोर येत नाही. अशा प्रसंगी काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि काय मुळीच करू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

शेतीच्या मासिकात हा विषय कशास, अशी शंका आता फारशी कोणी घेईल असे वाटत नाही. सन २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू लागला. ठिबक संच व अवजारे यांच्या अनुदानाचे अर्ज महाडीबीटीवर करावे लागतात. पीकविम्याची नोंदणी संकेतस्थळावरून होते. सन २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी सीसीआयने ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी लावून दिली. या प्रत्येक कामास शेवटची तारीख असते, आणि वाफसा जसा आपल्या सोयीची वाट पाहत नाही, तशी ही तारीखही पाहत नाही.

दर्यापूर तालुक्यातील आमच्या एका सभासदांची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. पीकविम्याची मुदत चार दिवसांवर आली असता त्यांनी घरी नवा संगणक आणून वायफायला जोडला. कोणतेही पान उघडू जाता ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशा अर्थाची सूचना येई. संगणकच सदोष निघाला असे समजून ते तो घेऊन अमरावतीस गेले. तेथे एका दुकानदाराने विषाणूरोधक प्रोग्राम आणखी एक बसवून पैसे घेतले. घरी आल्यावर स्थिती पूर्ववत. तीन दिवस असे गेले. अखेरीस जो दोष सापडला तो दूर करण्यास दोन मिनिटेही लागली नाहीत. तो कोणता, हे पुढे क्रमाने येईलच. विम्याचा अर्ज मुदतीच्या आदल्या सायंकाळी कसाबसा भरला गेला.

पाण्याची वाट

ओलिताच्या वावरात शेवटचा वाफा कोरडा राहिला, तर जाणता शेतकरी आधी विहीर खोदावयास घेत नाही. तो पाटाच्या कडेने चालत जातो व पाणी कोठपर्यंत आले आहे हे पाहतो. जेथे पाणी थांबले तेथेच दोष. वेबपानासही अशीच वाट आहे. पान मूळ ज्या यंत्रावर असते त्यास सर्व्हर म्हणतात. ही झाली विहीर. तेथून ते सेवा देणाऱ्या कंपनीच्या तारेने आपल्या घरच्या राउटरपर्यंत येते. राउटरपासून वायफायच्या लहरींनी संगणकात शिरते. आणि संगणकातील ब्राउझर ते आपणास दाखवितो.

कोपऱ्यातील वायफायची खूण मुख्यतः इतकेच सांगते की राउटर व संगणक यांची गाठ पडली आहे. राउटरच्या पलीकडे पाणी आहे की नाही याची हमी ती खूण देत नाही. पुष्कळांची दिशाभूल होते ती येथेच. यास्तव वाटेचा एकेक टप्पा वेगळा करून पाहणे हाच खरा उपाय होय.

दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ठरविणे

पहिली परीक्षा अशी. एकच संकेतस्थळ उघडत नाही, की कोणतेच उघडत नाही, हे पाहावे. दुसरी दोन-तीन संकेतस्थळे नीट उघडत असतील, तर बहुधा आपल्या घरी दोष नाही. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत सरकारी संकेतस्थळांवर गर्दी लोटते व ती मंदावतात. अशा वेळी यंत्राची मोडतोड न करता पहाटे किंवा रात्री उशिरा पुन्हा प्रयत्न करावा.

दुसरी परीक्षा मोबाइलची. मोबाइलमधील डेटा बंद करून तो त्याच वायफायला जोडावा व तेच पान उघडून पाहावे. डेटा बंद करण्यास विसरू नये. नाही तर पान मोबाइलच्या टॉवरवरून येईल आणि वायफाय चांगले आहे असा खोटा निष्कर्ष निघेल. मोबाइलवरही पान न उघडल्यास दोष राउटरमध्ये किंवा तारेत आहे. उघडल्यास दोष संगणकाच्या बाजूस आहे असे बहुधा समजावे.

तिसरी परीक्षा याच्या उलट. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्यास जोडावा. त्यावर पाने उघडली, तर संगणक व ब्राउझर दोन्ही ठीक असून दोष घरच्या वायफायशी होणाऱ्या जोडणीत आहे. त्यावरही न उघडल्यास दोष संगणकातच शोधावा. ही परीक्षा थोडक्यात आटोपावी. कारण नवा संगणक जोडताच आपली अद्ययावत करण्याची सामग्री उतरवून घेऊ लागतो व मोबाइलचा डेटा पाहता पाहता संपवितो. घरच्या वायफायवरही पहिल्या दिवशी पाने सावकाश उघडण्याचे हे एक सामान्य कारण आहे. तो दोष नव्हे. काही तास धीर धरल्यास वेग आपोआप सुधारतो.

राउटर व तार

दोष या बाजूस ठरल्यास प्रथम राउटरचे दिवे पाहावेत. फायबरच्या पेटीवर ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा असतो. तो तांबडा लागला किंवा लुकलुकू लागला, तर तारेतून प्रकाश येत नाही, म्हणजे तार तुटली, वाकली किंवा निसटली आहे. हे काम कंपनीच्या माणसाचे आहे. फायबरची तार आपण उघडू नये व तिच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये. दिवे नीट असल्यास राउटरची वीज बंद करून एक मिनिट थांबावे, पुन्हा सुरू करावी, व तीन-चार मिनिटे वाट पाहावी. मासिक वर्गणीची मुदत संपली नाही ना, हेही पाहावे. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, पण वीज गेल्याबरोबर राउटर बंद पडतो, हे ध्यानात ठेवावे. जेथे वीज वारंवार जाते तेथे राउटरपुरता लहान यूपीएस ठेवणे किफायतशीर ठरते.

वायफायच्या लहरी

राउटर चांगला, मोबाइल चालतो, पण संगणक घरच्या वायफायवर चालत नाही, अशी स्थिती असल्यास संगणक राउटरच्या खोलीत नेऊन पाहावा. पुष्कळ राउटर २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. ५ चा वेग अधिक, परंतु जाड भिंतीपलीकडे तो लवकर क्षीण होतो, २.४ चा वेग कमी, परंतु त्याची पोच लांबची. आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या मातीच्या रुंद भिंती आणि गोदामाचे टिनाचे पत्रे या लहरींस मोठा अडथळा करतात. दूरच्या खोलीत संगणक ठेवावयाचा असल्यास २.४ ची जोडणी निवडावी. संगणकास तारेची खाच असेल, तर लॅनच्या तारेने तो थेट राउटरला जोडावा. तारेने पाने उघडली म्हणजे दोष लहरींच्या टप्प्यात आहे हे निश्चित झाले.

आपण जोडलेले वायफाय आपलेच आहे, याचीही खात्री करावी. सार्वजनिक ठिकाणी वायफाय जोडल्यावर बहुधा मोबाइल क्रमांक विचारणारे पान येते; ते भरल्याखेरीज पुढे काहीच उघडत नाही.

संगणकाची तारीख व वेळ

आता दर्यापूरच्या सभासदांचा दोष सांगतो. त्यांच्या संगणकातील तारीख दोन वर्षे मागे होती. दुसरे काहीही बिघडलेले नव्हते. बियाण्याच्या पिशवीवरील चिठ्ठीत तपासणीची तारीख व वैधतेची मुदत छापलेली असते. ज्याच्या घरचे कॅलेंडरच चुकले, तो चांगले बियाणेही परत करील. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ असेच एक प्रमाणपत्र दाखविते व त्यावर आरंभ आणि अखेर अशा दोन तारखा असतात. ब्राउझर त्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ दोन वर्षे मागे असेल, तर प्रमाणपत्राचा आरंभच भविष्यात पडतो व ब्राउझर पान दाखविण्याचे नाकारतो. विंडोज मात्र जोडणी तपासण्यास जे लहानसे पान मागविते त्यास प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून कोपऱ्यातील खूण निर्दोष दिसत राहते.

उपाय असा. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ व त्यात ‘डेट अँड टाइम’ उघडावे. ज्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली ही नावे एकत्र आहेत व आरंभी +०५:३० असा आकडा आहे, तोच कालविभाग निवडावा. नंतर वेळ आपोआप लावण्याचे बटण सुरू करून ‘सिंक नाऊ’ दाबावे. कालविभाग चुकीचा ठेवून घड्याळाचे काटे हाताने जुळवू नयेत. त्यायोगे घड्याळ बरोबर दिसते, पण आतील हिशेब काही तासांनी चुकलेलाच राहतो. इतके करूनही संगणक बंद करून सुरू केल्यावर तारीख पुन्हा मागे गेली, तर आतील लहान बॅटरी क्षीण झाली असावी; ती बदलून घ्यावी.

ब्राउझर व आतील प्रोग्राम

तारीख बरोबर असूनही पान न उघडल्यास दुसऱ्या ब्राउझरमध्ये प्रयत्न करावा. तेथे उघडल्यास पहिल्या ब्राउझरमधील साठविलेली जुनी सामग्री पुसावी व त्यास जोडलेली लहान उपकरणे बंद करावीत. अर्ज किंवा दाखला नव्या खिडकीत उघडत असेल, तर ब्राउझरने ती खिडकी अडविल्याची बारीक खूण पत्त्याच्या ओळीत दिसते. तेथे परवानगी द्यावी. व्हीपीएन किंवा प्रॉक्सी सुरू असल्यास बंद करावे. विषाणूरोधक प्रोग्राम दोन असल्यास एक काढून टाकावा. एकाच दारावर दोन राखणदार परस्परांसच अडवितात.

नाव व आकडा

संकेतस्थळाचे नाव आपल्यासाठी असते. यंत्रे परस्परांस आकड्यांनी ओळखतात. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. सन १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी तिची रचना केली. ही व्यवस्था अडली म्हणजे तार चांगली असूनही पाने उघडत नाहीत. परीक्षेसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून पी, आय, एन, जी ही चार इंग्रजी अक्षरे, एक जागा मोकळी व नंतर इंग्रजी आकड्यांत ८.८.८.८ असे लिहून एंटर दाबावे. उत्तर आले आणि तरीही नावाने पान उघडत नसेल, तर डीएनएसचा संशय बळावतो. तेव्हा वायफायच्या सेटिंग्जमध्ये डीएनएस हाताने लावून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा आकडा द्यावा.

तेथेच संगणकाचा स्वतःचा आकडाही दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरने त्यास पत्ता दिलेलाच नाही. तेव्हा ते वायफाय ‘फरगेट’ करून पासवर्ड देऊन पुन्हा जोडावे. यानेही न भागल्यास ‘नेटवर्क रीसेट’ हा शेवटचा उपाय करावा. त्याने साठविलेली सर्व वायफाय जोडणी पुसली जाते; म्हणून पासवर्ड आधी कागदावर लिहून ठेवावा.

काय करू नये

बँकेच्या किंवा सरकारी पानावर असुरक्षिततेची सूचना आली असता ती डावलून पुढे जाऊ नये. आधी तारीख पाहावी व पत्ता अक्षरशः वाचावा. मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधून अनोळखी माणसास दूरवरून संगणक हाताळू देऊ नये. कंपनीचा क्रमांक तिच्या पावतीवरून घ्यावा. फसगत होऊन पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. ‘नवा’ म्हणून जुनाच संगणक गळ्यात पडत नाही ना, हेही पाहावे. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे.

एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत टिपावा आणि परिणाम पाहूनच पुढील बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्यास कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही, आणि पुढील वेळी पुन्हा आरंभापासून शोध करावा लागतो. आमची वाचकांस आग्रहाची विनंती इतकीच की, नवा संगणक घेतल्यास त्याची परीक्षा मुदतीच्या आठवड्यात न करता आधीच्या महिन्यात करावी. पेरणीच्या दिवशी तिफण दुरुस्त करावयास बसणारा शेतकरी आपण शहाणा म्हणत नाही.