भातरोपांचे करपलेले शेंडे : फुलकिडे की क्षार?

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे वेळापत्रक मेट्टूर धरणाच्या पाण्यावर ठरते. प्रथेनुसार 12 जून रोजी धरणातून पाणी सोडले जाते. ते उशिरा आले, की कालव्याच्या शेवटच्या टोकावरील गावांना विंधनविहिरींचा आधार घ्यावा लागतो. तंजावर जिल्ह्यातील पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या किनारी तालुक्यांत असे पाणी खारट असल्यास रोपांच्या पानांचे शेंडे वाळतात. याच कोरड्या दिवसांत फुलकिडेही वाढतात. कारण न तपासता कीटकनाशक फवारल्यास खर्च होतो, रोपे मात्र सुधारत नाहीत.

क्षारांचा आघात दोन टप्प्यांत होतो. प्रथम, खारट द्रावणातून पाणी शोषणे मुळांना कठीण जाते व वाढ मंदावते. पेशी प्रोलीनसारखी संयुगे साठवून पाणी धरून ठेवतात. त्यानंतर सोडियम पानांत साचू लागते आणि पोटॅशियमवर अवलंबून असलेल्या विकरांचे कार्य बिघडते. पेशीपटलातील वाहक प्रथिने काही सोडियम बाहेर टाकतात, तर काही रिक्तिकेत कोंडतात. सहनशील वाणांत जलवाहिनीतील सोडियम वर पोहोचण्यापूर्वीच काढून घेतले जाते. केरळच्या पोक्काली भातातील ‘सॉल्टॉल’ हा जनुकीय भाग याच गुणाशी निगडित आहे.

जुनी पाने अधिक काळ बाष्पोत्सर्जन करतात. त्यामुळे सोडियम त्यांत अधिक साचते. म्हणून क्षारबाधेत जुन्या पानांचे शेंडे आधी पांढरट होऊन वाळतात आणि रोपवाटिकेत बाधित ठिगळे दिसतात. फुलकिड्यांच्या प्रादुर्भावात कोवळ्या पानांवर पिवळसर रेषा उमटतात व शेंडे सुईसारखे गुंडाळले जातात. ओला तळहात रोपांवरून फिरवल्यास सूक्ष्म काळपट किडे व पिवळसर पिल्ले हाताला चिकटतात. किडे न आढळल्यास माती व पाण्याची विद्युतवाहकता तपासावी. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता प्रति मीटर 3 डेसीसायमनच्या पुढे गेल्यावर भाताचे उत्पादन घटू लागते.

भात रोपावस्थेत व फुलोऱ्यात क्षारांना सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे उपलब्ध गोडे पाणी या दोन अवस्थांसाठी राखावे. क्षारयुक्त शेतात गोडे पाणी साठवून निचरा करावा आणि किंचित जून रोपे लावावीत. जिप्सम हा चोपण जमिनीवरील उपाय आहे. केवळ क्षारयुक्त जमिनीत निचऱ्याला पर्याय नाही. कोकणातील खारभूमीसाठी पनवेल येथील केंद्राने क्षारसहनशील वाण विकसित केले आहेत. तेथेही फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी ओल्या तळहाताची चाचणी अवश्य करावी.