सामायिक दप्तराची किल्ली

वरसे हे रायगड जिल्ह्यातील रोहे शहरालगतचे गाव. शहराशेजारच्या अशा गावांत घरे वाढतात, मालमत्तांची हस्तांतरे होतात आणि ग्रामपंचायतीचे दप्तरही वाढत जाते. कर आकारणीचा नमुना ८, कर मागणीचा नमुना ९, मासिक सभांची इतिवृत्ते, ग्रामसभेचे ठराव ही कागदपत्रे पूर्वी कपाटात कुलूपबंद असत आणि किल्ली कोणाकडे आहे, हे साऱ्या कार्यालयाला ठाऊक असे. २०११ मधील ‘संग्राम’ प्रकल्प व २०१६ पासूनची ‘आपले सरकार सेवा केंद्रे’ यांमुळे राज्यातील ग्रामपंचायतींत संगणक स्थिरावला. दोन-तीन संगणक जोडले की एकावरील फोल्डर इतरांनाही वापरता येते. कपाट बदलले, किल्लीचा प्रश्न मात्र कायम राहिला आणि तो डोळ्यांना दिसेनासा झाला.

समजा, एक ग्रामस्थ कर्जप्रकरणासाठी नमुना ८ चा उतारा मागण्यास आला आहे. मूळ नोंदीची फाईल सामायिक फोल्डरमध्ये आहे. लिपिकास तिचे नाव दिसते, परंतु उघडू जाता प्रवेश नाकारल्याचा संदेश येतो. ‘उद्या या’ हे ऐकून ग्रामस्थ परततो. त्याची दिवसाची मजुरी बुडालेली असते. अशा वेळी सर्रास योजला जाणारा उपाय म्हणजे ‘एव्हरीवन’ या नावास ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकणे. फाईल तत्काळ उघडते हे खरे. पण आता कर आकारणीची नोंद कोणीही बदलू वा पुसू शकतो आणि ती कोणी बदलली, हे सांगणे कठीण होते. कुलूप अडले म्हणून कपाटाचे दारच काढून ठेवण्याचा हा प्रकार होय.

विंडोज प्रणालीत अशा फोल्डरला वस्तुतः दोन कुलुपे असतात. एक ‘शेअरिंग’चे, जाळ्यावरून येणाऱ्यांसाठी, दुसरे ‘सिक्युरिटी’चे, प्रत्यक्ष डिस्कवरील. जाळ्यावरून येणाऱ्यास दोन्ही पार करावी लागतात आणि दोहोंपैकी जे अधिक कडक तेच लागू पडते. म्हणून फोल्डर ज्या संगणकावर आहे, तेथे त्याच लिपिकाच्या खात्याने प्रथम फाईल उघडून पाहावी. उघडली, तर दोष शेअरिंगमध्ये अथवा जाळ्यावर वापरलेल्या नाव-पासवर्डात शोधावा. तेथेही अडली, तर सिक्युरिटीची यादी पाहावी.

या यादीतील कारणे बहुधा ठरलेली असतात. कर्मचारी दोन गटांत असून एका गटास ‘डिनाय’ लावलेले असेल, तर दुसऱ्या गटाची परवानगी सहसा निष्फळ ठरते. ‘ॲडव्हान्स्ड’मधील ‘इफेक्टिव्ह ॲक्सेस’ येथे त्या व्यक्तीस अखेर काय मिळते, ते पाहता येते. गटात नव्याने नाव घातल्यास बाहेर पडून पुन्हा लॉगिन केल्याखेरीज बदल लागू होत नाही. एवढ्या एका बाबीपायी तालुक्याला किती दूरध्वनी होत असतील, कोण जाणे! यादीत नावाऐवजी ‘एस-१-५’ने सुरू होणारी लांबलचक संख्या दिसली, तर ते खाते बहुधा पुसले गेले आहे, किंवा विंडोज नव्याने बसवल्यामुळे अनोळखी झाले आहे. बदलीनंतर हे विशेष आढळते. तेव्हा प्रशासकाच्या खात्याने फोल्डरची मालकी घेऊन हक्क पुन्हा द्यावे लागतात. फाईल ‘मूव्ह’ केली असता तिचे जुने हक्क सोबत येऊ शकतात. ‘कॉपी’ केलेली प्रत सामान्यतः नव्या फोल्डरचे हक्क घेते.

हक्क व्यक्तीस न देता गटास द्यावेत. नोंदी बदलण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्यांचा एक गट व केवळ वाचणाऱ्यांचा दुसरा, एवढे लहान कार्यालयास पुरते. हक्कांत फेरफार करण्यापूर्वी फोल्डरची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ठेवावी. कार्यभार सोपवण्याच्या यादीत शिक्के व किल्ल्यांबरोबर संगणकावरील खातीही नोंदवावीत आणि जुने खाते बंद करण्यापूर्वी त्याच्या मालकीच्या फाईली नव्या अधिकाऱ्याच्या नावे करून घ्याव्यात.