पुठ्ठ्याचं विमान : हिशोब ग्रॅमचा

सुट्टी संपवून सातारा-सांगली-कोल्हापूरकडून येणारी आपल्या होस्टेलची निम्मी जनता स्वारगेटला उतरते. एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात आईने सुतळीने बांधून दिलेलं खोकं. त्यातले लाडू-चिवडा दोन दिवसांत संपतात (रूम पार्टनर्सची कृपा), खोकं मात्र कॉटखाली वर्षभर धूळ खात पडतं. मित्रांनो, हा लेख त्या खोक्याबद्दल आहे.

रेडिओ कंट्रोलचं विमान म्हटलं की बाल्सा लाकूड, महागडी किट्स असंच डोळ्यासमोर येतं. पण पुठ्ठ्याचं विमान ही काही गंमत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सायपॅक नावाच्या कंपनीने मेण लावलेल्या पुठ्ठ्याची मानवरहित विमानं बनवली आणि २०२३ मध्ये ती युक्रेनच्या युद्धात वापरली गेली. आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणं पुण्याला नवीन नाही. आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी २००३ पासून अकरा वर्षं हेच केलं. आपण फक्त त्यात मोटर बसवतो.

आमच्या गटातल्या सहा जणांनी मेसच्या रिफंडमधून पैसे काढून मोटर, बॅटरी, रिमोट घेतले. सर्व्हो, तारा, सोल्डरिंगचं सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आलं. पुठ्ठा आणायला पोरं स्वारगेटवरून मार्केट यार्डात गेली आणि सफरचंदाची रिकामी खोकी घेऊन परतली. जाडजूड, दणकट. "सर, यावर उभं राहिलं तरी मोडत नाही!"

तिथेच चुकलं, आणि ते माझ्याही लक्षात आलं नाही. विमान तयार झालं, दिसायला झकास. हातातून सोडलं, पंधरा-वीस मीटर गेलं, वळताना एक पंख खाली पडला आणि नाकावर आपटलं. मोटरचा शाफ्ट वाकला, प्रोपेलर तुटला. रिफंडचे पैसे एका मिनिटात मातीत. दुसरी मोटर घेतली, पण तिसरीला पैसे नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं. मग काट्यावर ठेवून पाहिलं. ८०० ग्रॅम.

आता हिशोब बघा. २२१२ साइजची मोटर ५० ग्रॅम, ईएससी २५, नऊ-नऊ ग्रॅमचे तीन सर्व्हो २७, रिसीव्हर १५, प्रोपेलर १०, तीन सेलची १३०० एमएएच लिपो बॅटरी ११५, तारा-पुशरॉड वगैरे २०. एकूण २६२. यात फारसं काही कमी करता येत नाही. म्हणजे आमच्या विमानात ५३८ ग्रॅम नुसता पुठ्ठा, गोंद आणि टेप होती!

पुठ्ठ्याचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. मोजायला सोपं आहे. ५० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा कापायचा, किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवायचा, दहाने गुणायचं. सफरचंदाच्या पाच प्लायच्या खोक्याचे भरले ७०. म्हणजे ७०० जीएसएम. ते खोकं वीसेक किलो माल वाहायला केलेलं असतं, आपल्याला अर्धा किलो उचलायचाय. बिस्किट-वेफर्सच्या तीन प्लायच्या खोक्याचा तेवढाच तुकडा ३८ ग्रॅम भरला. एक मीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद पंख, वर-खाली दोन्ही बाजू धरून ०.४ चौरस मीटर, बॉडी आणि शेपूट आणखी ०.२. पाच प्लायमध्ये ४२०, तीन प्लायमध्ये २२८. गोंद-टेप ५० ग्रॅममध्ये बसवली आणि दुसरं विमान ५४० वर आलं.

आता कुणी म्हणेल, मोटर सात-आठशे ग्रॅमचा थ्रस्ट देते, मग ८०० काय आणि ५४० काय? पंखाचं क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर, लिफ्ट कोइफिशंट जास्तीत जास्त १ धरा. हवेची घनता पुस्तकातली १.२२५ घेऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, दुपारच्या उन्हात १.१ च्या आसपासच येते. लिफ्ट बरोबर वजन मांडलं की स्टॉल स्पीड निघतो. ५४० ग्रॅमला सेकंदाला ६.९ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटर. ८०० ग्रॅमला ८.४ मीटर, ताशी ३०. फरक पाचचाच, पण आता अर्धा एम व्ही स्क्वेअर काढा. हलकं विमान त्या वेगाने आपटलं तर १३ ज्यूल, जड विमान आपटलं तर २८. वजन दीडपट, तडाखा दुपटीहून जास्त. कारण वेगाचा वर्ग वजनाबरोबर वाढतो आणि वजन पुन्हा एकदा गुणलं जातं.

आणि शिकणाऱ्याचं विमान पडतंच. मजबूत केलं म्हणून ते वाचत नाही, हलकं असलं तर वाचतं. थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला पेंगणाऱ्या एका पठ्ठ्याने हे फळ्यावर मांडून दाखवलं तेव्हा मलाच त्याला व्हायवाचे मार्क देऊन टाकावेसे वाटले.

बांधणीतल्या दोन-तीन गोष्टी मात्र हाताने शिकाव्या लागतात. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या पंखाच्या लांबीत, बॉडीपासून टोकाकडे, आल्या पाहिजेत. तशाने पंख वर वाकत नाही आणि पुढची कड टेबलाच्या काठावर घासून गोल वळवता येते. नळ्या आडव्या घेतल्या तर तोच पुठ्ठा चुरगळतो. एलेव्हेटरला वेगळी बिजागरी नको. कटरने एकच कागद कापायचा, दुसरा तसाच ठेवायचा, वरून टेपची एक पट्टी. हॉट ग्लूची जाडी कांडी १८-१९ ग्रॅमची असते, म्हणजे दोन सर्व्हो! थेंब लावा, लोंदा नको.

शेपटाकडे तर फारच कंजूसपणा करा. विमानाचा गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव रुंदीवर हवा, आपल्या २० सेंटिमीटरच्या पंखात ५ सेंटिमीटरवर. शेपूट तिथून ५५ सेंटिमीटर मागे आणि नाक २२ पुढे असेल, तर शेपटावर सांडलेल्या २० ग्रॅम ग्लूसाठी नाकात ५० ग्रॅम ठेवावे लागतात. एकूण ७० ग्रॅमचा भुर्दंड. बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल साधा, नट-बोल्ट चिकटवत बसू नका. मग मोटर बंद ठेवून गवतावर, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, सरळ हात ठेवून फेकून बघा. नाक वर करून थबकलं आणि आपटलं तर शेपूट जड. बाण मारल्यासारखं खाली गेलं तर नाक जड.

पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, जड होतो आणि मऊ पडतो. खालची बाजू आणि पुढची कड पॅकिंग टेपने झाका, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा.

स्वारगेटच्या आसपास एखादं मैदान गाठून उडवू, असं एकाने सुचवलं होतं. एसटी स्टँड, उड्डाणपूल, जेधे चौकातली गर्दी... प्रोपेलर मिनिटाला हजारो फेरे घेतो, बोट सापडलं तर टाके पडतात. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांनी विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवण्यावर बंदी आणली, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगी नसेल तर २०० फुटांची मर्यादा. पुण्यात लोहगाव आहे, वर लष्कराच्या कितीतरी जागा. तेव्हा आधी सरकारी ड्रोन नकाशावर जागा तपासा आणि विमान कायम डोळ्यांसमोर ठेवा. आम्ही शहराबाहेरच्या एका पडीक मैदानावर सकाळी सातच्या आत जातो. तेव्हा वारा नसतो आणि क्रिकेटवालेही नसतात.

होस्टेलवाल्यांसाठी एक कडक सूचना : लिपो बॅटरी रूमवर, गादीवर, रात्रभर चार्जिंगला लावायची नाही. फुगलेली बॅटरी पेट घेते आणि ती आग सहज विझत नाही. चार्जिंग वर्कशॉपमध्ये, फरशीवर, समोर माणूस बसवून. ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर.

दुसरं विमान पहिल्या सकाळी चार वेळा पडलं. पंखाचं टोक दुमडलं, नाक चेमटलं, मोटर शाबूत. पाचव्या वेळी मैदानाला पूर्ण चक्कर मारून ते गवतात उतरलं आणि पोरांनी असा आरडाओरडा केला की शेजारच्या शेतातली म्हैस दावं तोडून पळाली. तिला शोधण्यात पुढचा अर्धा तास गेला.

आज ते विमान ५७२ ग्रॅमचं आहे. वाढलेले ३२ ग्रॅम म्हणजे सगळी दुरुस्तीची टेप. ६०० झालं की नवा पंख कापायचा असं ठरलंय. कुणाच्या कॉटखाली तीन प्लायचं कोरडं खोकं असेल तर वर्कशॉपमध्ये आणून द्या. सफरचंदाचं नको.