नाट्यशब्दांची थोडी ओळख

आमचे मेहकर म्हणजे बुलढाण्याचे मेहकर नव्हे; बीदर जिल्ह्यातले, सरहद्दीवरचे मेहकर. येथे कोणी घरी मराठी बोलतो, कोणी दखनी. बाजारात कानडी कानावर पडते आणि शाळेत धडा मराठी असतो. अशा मुलांना मराठी शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली. या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे काही लिहावे, असे विश्वस्त मंडळींनी सुचविले, तेव्हा नाटकाच्या शब्दांवर लिहावयाचे मी ठरविले. त्यास एक कारण आहे, आणि ते मला फारसे भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी नववीच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता : 'नेपथ्य म्हणजे काय?' गुण दोन. मार्गदर्शिकेत उत्तर होते, 'रंगमंचाच्या पडद्यामागची जागा'. वर्गातही मी तेवढेच सांगितले होते. एका मुलाने लिहिले, 'नेपथ्य म्हणजे आम्ही गॅदरिंगला बारदानावर रंगविलेले घर.' मी लाल शाईने काट मारली आणि शून्य दिले. मुलगा काही बोलला नाही. पुढे कपाट आवरताना गॅदरिंगची छापील कार्यक्रमपत्रिका हाती लागली. तीत 'नेपथ्य' या शब्दापुढे त्याच मुलाचे नाव होते, आणि तो मजकूर मीच लिहून छापखान्यात दिला होता. तोपर्यंत निकाल लागून गेला होता.

तेव्हा नेपथ्यापासूनच आरंभ करू. मार्गदर्शिका खोटी नव्हती. संस्कृत नाटकांत पात्र दिसत नाही, पण आतून आवाज येतो, तेथे 'नेपथ्ये' अशी सूचना असते. म्हणजे पडद्याआड, जेथे नट नटतात तेथून. नटण्याची जागा म्हणून नटण्यासही तोच शब्द लागला. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वेश, अलंकार, रंग यांच्या साहाय्याने होणाऱ्या अभिनयास 'आहार्य' म्हटले आहे आणि त्याचा संबंध नेपथ्याशीच जोडला आहे. मराठी रंगभूमीवर पुढे या शब्दाने आणखी एक पाऊल टाकले. जुन्या कंपन्यांकडे रंगविलेले पडदे असत : एक रस्त्याचा, एक राजवाड्याचा, एक अरण्याचा. पडदा गुंडाळला की अरण्य नाहीसे होऊन राजवाडा आला! 1933 साली मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. त्यात आणि त्यानंतरच्या नाटकांत चित्रातल्या घराऐवजी दारे-खिडक्या असलेले घर रंगमंचावर उभे राहू लागले. आज जाहिरातीत 'नेपथ्य' म्हणून ज्याचे नाव येते तो हे घर उभे करणारा. म्हणजे आपल्या मुलाने लिहिलेले उत्तर आजच्या रंगभूमीचे होते आणि माझे कालिदासाच्या. गुण दोघांनाही मिळावयास हवे होते.

'पडदा' हा शब्द फारसी. आमच्या घरांतून तो रोजचाच आहे. 'दर्शनी पडदा' म्हणजे प्रेक्षकांसमोरचा, नाटक सुरू होताना उघडणारा. पडद्याला कापडच लागते असे मात्र समजू नका. 1972 साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' झाले. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे. त्यात ओळीने उभे राहिलेले ब्राह्मण हाच पडदा. ती माणसांची भिंत वळली की मागचे दिसे आणि पुन्हा वळली की झाकले जाई. पडदा म्हणजे झाकणे आणि दाखविणे, एवढे ध्यानात आले की शब्द कळला.

अंक आणि प्रवेश यांचा घोटाळा दर वर्षी होतो. अंक हा नाटकाचा मोठा भाग. साधारणपणे अंक संपला की पडदा पडतो. प्रवेश हा अंकातील पोटभाग; स्थळ किंवा काळ बदलला की प्रवेश बदलतो. पण पात्राच्या आत येण्यासही प्रवेशच म्हणतात, म्हणून 'दुसऱ्या प्रवेशात राजाचा प्रवेश' हे वाक्य ऐकून मुले हसतात. हसू द्यावे, तेवढ्याने लक्षात राहते. एकाच अंकात आटोपणारे नाटक ती एकांकिका. शाळेने शक्यतो तीच घ्यावी. तीन अंकी नाटकाच्या नादी लागून सहामाही परीक्षा बुडविलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत.

सूत्रधार या शब्दापाशी आपल्या भागातल्या मुलांनी जरा थांबावे. 1842 साली कानडी किनाऱ्यावरील कर्कीची एक भागवत मंडळी सांगलीस आली आणि तिने तेथे खेळ केले. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत असे काही करण्यास सांगितले, आणि 1843 साली 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आले. मराठी नाटकाचा आरंभ यापासून धरतात. भाव्यांचा सूत्रधार आरंभी बोलून निघून जात नसे. तो अखेरपर्यंत उभा राहून पदांतून कथा गाई आणि पात्रे आपल्या बुद्धीप्रमाणे भाषणे करीत. उत्तर कर्नाटकातला दोड्डाट ज्याने पाहिला आहे, त्याला कथा गाऊन पुढे नेणारा भागवत ठाऊक असतोच. त्याला सूत्रधार वेगळा शिकवावा लागत नाही. पुढे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी 1880 साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' केले. त्यात पदे पात्रांच्याच तोंडी आली आणि सूत्रधाराचे काम बहुतेक प्रारंभापुरते उरले. म्हणजे मराठी नाटकाच्या या दोन्ही मोठ्या वळणांवर कानडी मुलुखाचा हात आहे. सरहद्दीवरच्या मुलाने नाटकाचा तास परका मानावा, असे यात काही नाही.

नांदी म्हणजे आरंभीचे मंगलगान. तमाशात आधी गण असतो, मग गौळण, बतावणी आणि वग. गण आणि नांदी एकच नव्हेत, पण जागा एकच. एका मुलीने 'नांदी म्हणजे नाटकाचा गण' असे लिहिले, तिला मी पुरे गुण दिले. तोवर मी शहाणा झालो होतो.

आता तालीम. शहरात हल्ली 'रिहर्सल' म्हणतात. जुन्या कंपन्यांत तालीमच चाले आणि ती घेणारा तो तालीममास्तर. शब्द मूळचा अरबी. आमच्या घरी 'तालीम' म्हणजे शिक्षण, गावच्या पहिलवानाची तालीम म्हणजे आखाडा, आणि नाटकवाल्याची तालीम म्हणजे तेच वाक्य पन्नास वेळा म्हणणे. तिन्हींत घाम सारखाच. 'नक्कल' हाही त्याच घरचा शब्द. आज त्याचा अर्थ दुसऱ्याची हुबेहूब चाल करून दाखविणे असा घेतात. नाटकमंडळीत मात्र आपल्या पात्राची भाषणे उतरवून घेतलेली वही म्हणजे नक्कल. 'नक्कल पाठ झाली का?' हा तालीममास्तरांचा पहिला प्रश्न. माझा एक नियम आहे : मुलाने आपल्या भाषणाबरोबर आधीच्या पात्राचे शेवटचे चार शब्दही वहीत लिहावेत. स्वतःचे पाठ असूनही केव्हा बोलावयाचे हे ठाऊक नसल्याने नाटके अडतात, आणि मग विंगेतला प्रॉम्प्टर इतक्या मोठ्याने सांगतो की प्रेक्षकांचेही पाठ होते.

अभिनय चार प्रकारचा. अंगाने तो आंगिक, वाणीने तो वाचिक, वेशाने तो आहार्य (तो वर येऊन गेला), आणि डोळ्यांत पाणी, अंगावर काटा, आवाजाला कंप असा मनातून उमटणारा तो सात्त्विक. परीक्षेसाठी इतके पुरे. स्वगत म्हणजे पात्राने स्वतःशी बोलणे, जे साऱ्या प्रेक्षागृहाला ऐकू येते पण शेजारच्या पात्राला येत नाही! जनान्तिक म्हणजे दोघांनी इतरांस चोरून बोलणे. त्यासाठी हाताची तीन बोटे वर करून आड धरण्याचा संस्कृत नाटकांतला संकेत आहे. मुलांना हा खेळ फार आवडतो. वर्गात मी तो एकदाच शिकविला आणि आठवडाभर पस्तावलो.

विंग म्हणजे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंच्या आडोशाच्या जागा. पात्रे तेथूनच येतात-जातात. येथे एक गोष्ट मार्गदर्शिकेत सापडणार नाही : उजवे-डावे हे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचे धरावयाचे, समोर बसलेल्याचे नव्हे. मी समोर खुर्चीवर बसून तालीम घेत असे आणि माझ्या डावीकडून सांगत असे. प्रयोगाच्या दिवशी पोस्टमन झालेल्या मुलाने वहीत पाहिले, 'डावीकडून प्रवेश', आणि तो आपल्या डावीकडून आला. म्हातारा बाबा उलट्या बाजूच्या विंगेकडे हात पसरून 'आला, आला, माझ्या लेकाचा कागद आला' म्हणत उभा, आणि पोस्टमन त्याच्या पाठीशी. पाठीमागून त्याने बाबाच्या खांद्यावर टिचकी मारली, तेव्हा सारे गाव हसले. ते पत्र मुलाच्या मृत्यूचे होते.

तो बारदान रंगविणारा मुलगा आता उदगीरला दुकानांच्या पाट्या रंगवितो. गॅदरिंग जवळ आले की रंगांचे डबे घेऊन येतो. मागे त्याला मी त्या दोन गुणांविषयी बोललो, तर त्याला काही आठवेना. त्याचे लक्ष भिंतीला टेकविलेल्या चौकटीकडे होते.

"सर, घराची खिडकी उजवीकडे ठेवू का डावीकडे?"

"कोणाच्या?" मी विचारले.