पितळ नव्हे, जस्त उघडं पडलं

प्रश्न : आमच्या पुढच्या दाराची मूठ परवा हातातच तुटली. बारा वर्षं चकचकीत होती, म्हणून आम्ही ती पितळेची किंवा स्टीलची समजत होतो. तुटली तिथं आत राखाडी, दाणेदार धातू दिसला. लोहचुंबक चिकटत नाही. कुलूपवाला म्हणाला, "ताई, हे झिंक आहे, डायकास्टिंगचा माल. याला वेल्डिंग होत नाही, नवीनच घ्या." माझं माहेर कोल्हापूरचं. उद्यमनगरात वाळूच्या साच्यात लोखंड ओतताना लहानपणी पाहिलंय. तिथला माल साच्यातून निघतो तेव्हा खडबडीत असतो. मग ही मूठ इतकी गुळगुळीत, पाठीमागून पोकळ आणि आतल्या बाजूला एवढ्या बारीक अक्षरांत नाव, हे ओतलं कसं? आणि आम्हाला फसवलं का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : कुलूपवाल्यानं नाव अगदी बरोबर सांगितलं. फसवलं का, ते शेवटी ठरवू. आधी तुटलेली मूठ उलटी करून उजेडात धरा, कारण ती कशी जन्मली हे तिच्या अंगावरच लिहिलेलं आहे.

कडेनं बोट फिरवा. एक बारीक रेघ नखाला लागेल. साच्याचे दोन भाग जिथं एकमेकांना भिडले होते, ती ही रेघ. पोकळ बाजूला डाळीएवढे दोन-चार गोल ठसे दिसतील. माल थिजल्यावर ज्या पिनांनी तो साच्याबाहेर ढकलला, त्या इजेक्टर पिनांच्या या खुणा. आणि एखाद्या कडेला, बहुधा दाराला टेकणाऱ्या बाजूस, घासून काढलेला एक चपटा डाग असेल. पातळ धातू आत शिरला तो दरवाजा म्हणजे गेट, तो तिथं होता. समोरची बाजू पॉलिश आणि क्रोमखाली गेली, मागची कोणी झाकली नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. कोल्हापुरात तुम्ही पाहिलं ते वजनावर ओतणं: करछीतला रस वाळूच्या साच्यात आपल्या भारानं उतरतो, हळूहळू थिजतो, मग वाळू फोडून माल काढायचा. वाळूचा कण जेवढा, तेवढा मालाचा खडबडीतपणा. शिवाय साचा एका वेळेपुरताच. डायकास्टिंगमध्ये साचा पोलादाचा असतो, त्याला डाय म्हणतात. ती आरशासारखी घासलेली असते आणि तीच लाखो वेळा वापरली जाते. रस तिच्यात ओतत नाहीत, पिचकारीनं मारतात.

जस्ताच्या बाबतीत या पिचकारीची एक गंमत आहे. शुद्ध जस्त 419.5 अंश सेल्सिअसला वितळतं, अल्युमिनियम 660 ला, बिडाचं लोखंड साडेअकराशेच्या पुढं. जस्ताचा हा एक आकडा पक्का धरून ठेवा. तुमच्या मुठीचे गुण आणि अवगुण दोन्ही त्यातूनच निघतात.

प्रश्न : म्हणजे नेमकं काय होतं?

उत्तर : रस इतका सौम्य असल्यामुळे पंपच त्यात बुडवून ठेवता येतो. भोसरीतल्या एका छोट्या शेडमध्ये हे काम मी उभा राहून पाहिलंय. भट्टीतल्या भांड्यात सुमारे 420 अंशांवर धातू असतो, चांदीसारखा, वर राखेची पातळ साय. त्यात हंसाच्या मानेसारखी वळलेली एक लोखंडी नळी बुडालेली असते. कामगार तिला गूजनेकच म्हणतात. तिच्यात उभा दट्ट्या म्हणजे प्लंजर. दट्ट्या वर असताना एका भोकातून रस आपोआप आत येतो. दट्ट्या खाली आला की रस मानेतून चढून नोझलमधून थेट डायमध्ये जातो. डावाने रस काढा, ओता, पुन्हा काढा, ही भानगडच नाही. या यंत्राला हॉट चेंबर मशीन म्हणतात.

पाहताना काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. डायचे दोन भाग धप्पकन मिटतात, एक खट् आवाज, क्षणभर शांतता, डाय उघडते आणि झाडावरून घोस तोडावा तशा दोन मुठी एका दांडीला लगडलेल्या बाहेर पडतात. ऑपरेटर डायवर फवारा मारतो, पुन्हा धप्प. मुठीएवढ्या मालाचे मिनिटाला तीन-चार शॉट सहज निघतात. चेनच्या रनरसारखा बारीक माल करणारी छोटी यंत्रं याच्या कितीतरी पट वेगानं चालतात.

त्या "खट्"मध्ये काय घडतं? साचा भरायला सेकंदाचा साधारण पन्नासावा ते शंभरावा भाग लागतो. गेटमधून रस सेकंदाला 40 मीटर किंवा त्याहून जास्त वेगानं घुसतो. हिशेब केला तर ताशी 144 किलोमीटर, म्हणजे चांगल्या जलदगती गोलंदाजाचा चेंडू. एवढी घाई का? डाय दोनशे अंशांच्या आसपास असते, रस चारशेच्या वर. पोलादाला टेकताच तो थिजू लागतो. कोपऱ्यातल्या शेवटच्या अक्षरापर्यंत पोचायचं तर थिजायच्या आत पोचायला हवं. म्हणून एक मिलिमीटरपेक्षा पातळ भिंतीसुद्धा भरतात आणि नावातला अनुस्वारही उमटतो.

आणि दाब? समजा दोन मुठी आणि त्यांना जोडणारी दांडी मिळून डायवर 100 चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात आणि रसाचा दाब चौरस सेंटिमीटरला 200 किलो आहे. गुणाकार करा: 20 हजार किलो, म्हणजे 20 टन. एवढ्या जोरानं रस डायचे दोन भाग एकमेकांपासून ढकलू पाहतो. त्याहून जास्त जोरानं ते आवळून धरावे लागतात, म्हणून ही यंत्रं "किती टनाचं" अशी ओळखली जातात. आवळणं कमी पडलं की फटीतून धातूची कागदासारखी पापडी बाहेर येते. तिला फ्लॅश म्हणतात. चांगल्या कारखान्यात ती दाबयंत्रावर छाटतात, तरी उरलेली कड घासून काढणारे हात लागतातच. दांड्या आणि छाट पुन्हा वितळवून वापरतात, फक्त त्यात भलतं काही मिसळू द्यायचं नाही. का, ते पुढं येतं आहे.

प्रश्न : मग अल्युमिनियमही असंच का ओतत नाहीत? ते तर हलकं असतं.

उत्तर : कारण पातळ अल्युमिनियम लोखंड खातं. त्यात गूजनेक बुडवला तर तो झिजत जाऊन रसातच मिसळेल. म्हणून अल्युमिनियमची भट्टी वेगळी आणि पिचकारी वेगळी. प्रत्येक शॉटला डावाने किंवा यांत्रिक हातानं रस आणून ओततात. ते कोल्ड चेंबर मशीन. गाडीच्या गिअरबॉक्सची पेटी तशी बनते. तिथं हलकेपणाला किंमत आहे, दाराच्या मुठीत नाही. उलट घन सेंटिमीटरला 6.6 ग्रॅमच्या आसपास भरणारी जस्ताची मूठ हातात जड लागते, आणि गिऱ्हाइकाला जड म्हणजे भारी वाटतं.

डायच्या आयुष्यातही फरक पडतो. अल्युमिनियमचे गरम-गार हेलकावे सोसून डायच्या तोंडावर लाख-सव्वा लाख शॉटनंतर बहुधा बारीक तडे पडू लागतात. जस्ताची डाय नीट राखली तर पाच-दहा लाख शॉट देते. डाय बनवायलाच मोठा खर्च येतो, त्यामुळे तो दहा लाख मुठींवर वाटला गेला की मूठ स्वस्त पडते.

आणखी एक बारकावा. यंत्रात जातं ते शुद्ध जस्त नव्हे. शुद्ध जस्तही लोखंड कुरतडतं, जरा सावकाश. त्यात सुमारे 4 टक्के अल्युमिनियम घातलं की हे कुरतडणं फार कमी होतं, वितळण्याचा बिंदू 380-390 अंशांपर्यंत उतरतो आणि माल बळकट होतो. म्हणजे एकटं असताना लोखंड खाणारं अल्युमिनियम चिमूटभर मिसळल्यावर लोखंडाचा राखणदार होतं. या मिश्रधातूला झामॅक म्हणतात. न्यू जर्सी झिंक कंपनीनं तो 1929 मध्ये आणला. नाव जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून: झिंक, अल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि कुपफर, म्हणजे तांबं.

प्रश्न : माझ्या आजोबांकडची लंडनहून आणलेली जुनी खेळण्यातली मोटार कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकली आणि तिचा भुगा झाला. कोणी हातही लावला नव्हता. हेही जस्तच का?
— एक वाचक, दादर

उत्तर : हो, आणि डायकास्टिंगचा इतिहास तुमच्या कपाटात पडला आहे. हे तंत्र जन्मलं छपाईच्या खिळ्यांसाठी. 1849 मध्ये अमेरिकेत खिळे ओतण्याच्या हातयंत्राला पेटंट मिळालं. 1886 मध्ये मर्गेनथालरचं लायनोटाइप न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून'मध्ये अख्खी ओळ एका दमात ओतू लागलं. तेव्हाचा धातू शिसं आणि त्याचे मिश्रधातू. पुढं याच युक्तीनं जस्त ओतायला घेतलं आणि गाडं अडलं. खिळ्यांना चालणारं शिसं जस्ताचं वैरी निघालं. शिसं, कथील किंवा कॅडमियम हजारात नव्हे, दहा हजारांत एखादा भाग जरी जास्त झालं, तरी जस्ताच्या कणांच्या मधल्या सीमांवर ते साचतं आणि दमट हवेत त्या सीमा आतून कुजू लागतात. माल फुगतो, वाकतो, मग कोळीजाळ्यासारखे तडे. इंग्रजीत त्याला जस्ताची कीड म्हणतात, पण किडा कुठं नसतो. 1934 मध्ये बाजारात आलेल्या डिंकी टॉइजच्या युद्धापूर्वीच्या कितीतरी गाड्या अशाच गेल्या.

उपाय निघाला तो 99.99 टक्के शुद्ध जस्ताचा आणि मापून घातलेल्या किंचित मॅग्नेशियमचा. म्हणून चांगल्या शेडमध्ये भंगारातलं काहीबाही भांड्यात टाकलेलं खपत नाही. एक जुना नळ, थोडं डाग द्यायचं कथील, एवढ्यानंही अख्खं भांडं नासू शकतं. पितळेत बहुधा शिसं असतंच.

जाता जाता एक गोष्ट. जस्त 907 अंशांना उकळतं. म्हणून जुन्या काळी ते खनिजातून काढणं फार अवघड होतं. लोखंडासारखं भट्टीच्या तळाशी ते साचत नसे, वाफ होऊन उडून जाई. ती वाफ मुशीतून खाली ओढून थंड करण्याची युक्ती उदयपूरजवळच्या झावरच्या कारागिरांनी मध्ययुगातच साधली. मुशींचे ढीग अजून तिथं आहेत. आणि याच कारणानं सांगलीच्या ताईंच्या मुठीला वेल्डिंग होत नाही. वेल्डिंगच्या आचेत जस्त वितळून न थांबता पांढरा धूर होतं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बंद खोलीत जोडला तर वेल्डरला रात्री थंडी-ताप भरतो, तो याच धुरामुळे. घरी गॅसवर असले तुकडे वितळवण्याचा उद्योग मुलांना अजिबात करू देऊ नका.

प्रश्न : मग घ्यावं की न घ्यावं?

उत्तर : आता सांगलीच्या ताईंचा निवाडा. तुटलेल्या जागी भिंग लावा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली तर डाय भरताना हवा आत अडकली होती, ओतण्यात ढिसाळपणा झाला. भोकं नाहीत पण पांढरी भुकटी आणि बारीक तड्यांची जाळी आहे, तर धातूच भेसळीचा होता. दोन्ही नसेल आणि तुटण्याची जागा स्वच्छ, दाणेदार असेल, तर मुठीनं बारा वर्षांची नोकरी करून राजीनामा दिला. बहुतेक वेळा मागचा स्क्रू ढिला राहून रोजचा हिसका एकाच कोपऱ्यावर येतो. तो आवळून घेतला असता तर आणखी काही वर्षं गेली असती.

जस्त म्हणजे हलका माल, असं दुकानात सरसकट म्हणतात. ते बरोबर नाही. मूठ, कुलपाची पेटी, चेनचा रनर, नळाची चकती, खेळण्यातली गाडी यांना जस्त शोभतं. सतत भार पेलायचा असेल, जसं झोक्याचा आकडा किंवा जड फळीचा कंस, तर नको. जस्त कायमच्या ओझ्याखाली हळूहळू ताणत जातं, साध्या तापमानालाही. शंभर अंशांच्या आसपासच्या उष्णतेतही त्याची ताकद घटते. बाथरूमच्या नळावर आम्लाचं क्लीनर ओतू नका. ते आधी क्रोम खातं, मग खालचं जस्त. वर फोड आलेले दिसले की समजा पाणी आत पोचलं. ओल्या कापडानं पुसून कोरडं करणं पुरे.

नवी मूठ घेताना तिची चमक पाहू नका, पाठ पाहा. पिनांचे ठसे स्वच्छ, कड साफ छाटलेली, पापडी नाही, भिंत सगळीकडं सारखी जाड, असा माल काळजीनं ओतलेला असतो. आणि बसवून झाल्यावर दर दिवाळीला, साफसफाईच्या वेळी, एकदा स्क्रू आवळा.